भावाची पाटी

गुरुवार, २ सप्टेंबर

ताई,

नमस्कार. धाकट्याने आपणहून पत्र लिहिलंय म्हणजे काहीतरी काम असणार, हे तू ओळखलंच असशील. काम आहे.

सूतगिरणीच्या पहिल्या पाळीच्या नऊ बायकांना घरून न्यायचं आणि परत सोडायचं, हे काम मी तीन महिन्यांसाठी ठरलेल्या रकमेवर घेतलं. सही केली त्याच्या दुसऱ्याच दिवशी डिझेल वर गेलं आणि अजून खाली बघायला तयार नाही. बायकोने ढमीला विकायचा विषय दोनदा काढला. गाडीला नाव ठेवलेला माणूस ती विकत नसतो, हे तिला कळत नाही. तिचा भाऊ म्हणतो कि गोदामावर रखवालदार हवाय, बसून राहायचं काम आहे. बसूनच राहायचं तर मी ढमीत बसेन, ती निदान पुढे तरी जाते.

आमच्या बाजूला दोन पंप. एक कोपऱ्यावरचा, एक मिशीवाल्याचा. दोघे एकमेकांकडे बघून भाव लावतात, त्यामुळे निवड काय ती फक्त मिशीची. पुलापलीकडे तुझ्या गावात कर वेगळा, म्हणून भावही वेगळा. आणि तुझ्या खिडकीतून पंपाची पाटी समोर दिसते. भाव सोमवारी संध्याकाळी बदलतो. मंगळवारी सकाळी तू पाटी बघायचीस आणि मला कळवायचंस.

फोन नको. परवा तू एकोणनव्वद म्हणालीस, मी एकोणऐंशी ऐकलं आणि नऊ बायकांसकट पूल ओलांडून आलो. बायको म्हणते कि तीस वर्षं इंजिनाशेजारी बसून माझे कान गेलेत. मी म्हणतो तू पुटपुटतेस. चिठ्ठी पेपरच्या गाडीवाल्याकडे दिलीस तर नऊच्या आत माझ्या हातात पडेल. जवाब तो परतीला आणेल.

एवढं करशील ना?

तुझा,
धाकटा


मंगळवार, ७ सप्टेंबर

धाकट्या,

तुझ्या पत्रात तीन चुका आहेत. लाल शाईने खुणा करून पत्र सोबत परत पाठवलंय. 'जवाब' सोडून देते, पण 'की' दीर्घ. पाचवीपासून सांगतेय. छापखान्यात तीस वर्षं प्रुफं वाचली, माझ्या हातून एक ऱ्हस्व इकडचा तिकडे गेला नाही, आणि सख्खा भाऊ 'कि' लिहितो.

पाटी: पेट्रोल तुझ्या कामाचं नाही. डिझेल ९०.१०.

आता नीट वाच. पूल ओलांडून येऊन-जाऊन चौदा किलोमीटर. ढमी लिटरला दहा देते, म्हणजे जवळजवळ दीड लिटर नुसतं भाव बघायला जळतं. साठ लिटरची टाकी धरली तर दोन्हीकडच्या भावांत लिटरमागे दोन रुपये दहा पैशांच्या वर फरक असेल तरच यायचं. त्याच्या आत असेल तर मिशीवाल्याकडे जा आणि मिशी बघ. पेपरवाला सांगतो, तुमच्याकडे ९३.४०. म्हणजे ये.

तू हे काम मला दिलंस ते बरं केलंस. मुलगा पुन्हा मागे लागलाय. अठराव्या मजल्यावर त्याच्याकडे राहायला ये, इथली जागा विकून टाकू, एकटी तिथे काय करतेस, असं त्याचं चालू असतं. या वेळी मी सांगितलं, मला इथे काम आहे. काय काम, तर म्हटलं, भावाची पाटी बघायची असते. त्याने विचारलं, मामाने दुकान काढलं का? मी नाही म्हटलं नाही. तीन महिने थांबायला तयार झालाय. म्हणजे तुझं गिरणीचं काम संपेपर्यंत माझीही नोकरी पक्की. अठराव्या मजल्यावरून काय दिसतं मी मागे पाहिलंय. सतरावा मजला.

गाडी पंपावर आली की वर बघ. मी टॉवेल हलवीन.

ताई


गुरुवार, ९ सप्टेंबर

ताई,

काल टाकी भरली. टॉवेल दिसला. हिरवा. बायकांनी माझ्याआधी पाहिला आणि नऊच्या नऊ जणींनी खिडकीतून हात बाहेर काढून हलवले. पंपावरच्या माणसाला वाटलं कि लग्नाचं वऱ्हाड आहे. मी म्हटलं, वर माझी मोठी बहीण आहे, तुमच्या पाटीवर तिची नजर असते. तो म्हणाला, मग जपून राहायला हवं.

वर यायची इच्छा होती, पण तुझ्या गल्लीत ढमी उभी करायला जागा नाही आणि पाळी चुकली असती. दोन वर्षं खालूनच हात करतोय, हे मलाही कळतं.

त्या माणसाने फुकटचा सल्ला दिला. म्हणाला, भाव काय बघता, चाकात हवा बघा. चारही चाकं उपाशी निघाली. हवा भरली तर ढमी माहेरी निघाल्यासारखी पळाली.

तुझा,
धाकटा


मंगळवार, १४ सप्टेंबर

धाकट्या,

डिझेल ८९.९०. तुमच्याकडे ९१.१०. फरक एक वीस. यायचं नाही. नियम म्हणजे नियम.

लिफ्ट बंद पडलीय. चार मजले उतरणं जमतं, चढणं जमत नाही, म्हणून पेपरच्या गाडीवाल्याला वर बोलावते. तो दर पायरीला एक शिवी देतो, पण येतो.

ढमीच्या टपावर जुना लोखंडी सांगाडा आहे ना, सामानाचा? त्यावर आता काय नेतोस? काहीच नसेल तर काढून ठेव. उगीच ओझं कशाला वाहायचं.

टॉवेल धुवायला टाकलाय, तसाही या आठवड्यात लागणार नाही.

ताई


मंगळवार, २१ सप्टेंबर

धाकट्या,

बस खाली, मग वाच. डिझेल ८३.६०. तीनदा पाहिलं. तुमच्याकडे नव्वद वीस असं पेपरवाला म्हणाला. म्हणजे साडेसहाच्या वर फरक! एवढा भाव कधी उतरला होता मला आठवत नाही. उद्याच ये आणी टाकी गळ्यापर्यंत भर.

खाली जाऊन विचारणार होते, पण लिफ्ट अजून तशीच आहे. आणि विचारायचं काय, समोर लिहिलेलं आहे.

वहिनीला सांग, रखवालदाराची जागा तिच्या भावाने दुसऱ्या कुणाला द्यावी.

ताई


गुरुवार, २३ सप्टेंबर

ताई,

काल आलो, टाकी भरली. तू म्हणालीस तसंच झालं. सगळं ठीक.

टपावरचा सांगाडा काढला. ढमी बोडकी दिसते, पण हलकी झाली.

एक सुचलं म्हणून लिहितो. माझे कान तपासून घ्यावेत असं बायको म्हणते. तूही चष्म्याचा नंबर बघून घेतेस का? सहज. बऱ्याच दिवसांत बघितला नसशील. कान-डोळे एकाच वेळी उरकून टाकू, दोघांनाही सोबत होईल.

पुढच्या आठवड्यात पाटी नाही बघितलीस तरी चालेल. दमत असशील.

तुझा,
धाकटा


शुक्रवार, २४ सप्टेंबर

वन्सं,

नमस्कार. मी पत्र लिहिलंय हे यांना माहीत नाही. पेपरवाल्याला सांगितलंय, तो बोलणार नाही.

यांनी तुम्हाला काल खोटं लिहिलं. बुधवारी यांनी डिझेल ८८.६० ने भरलं. पुलाचा खर्च धरला तर आमच्या मिशीवाल्यापेक्षा तीस रुपये जास्तच गेले. तीसचं मला काही नाही. पण हे पंपावर भांडले. माझ्या बहिणीने त्र्याऐंशी वाचलंय, तिची एक मात्रा कधी चुकत नाही, असं मोठ्याने सांगत होते म्हणे. मागे गाड्या हॉर्न वाजवत होत्या. पंपावरचा माणूस काहीतरी समजावत होता, पण इंजिन चालू, आणि यांचे कान तुम्हाला माहीत आहेतच. यांना फक्त 'दिवे' ऐकू आलं. यांना वाटलं, बहिणीने चांगले दिवे लावले असं तो म्हणतोय. हे गाडी काढून निघून आले, पाटीकडे पाहिलंसुद्धा नाही. बघायची भीती वाटली, असं मला नंतर म्हणाले.

घरी आल्यावर तुमचं पत्र काढून पुन्हा वाचलं. मग मला दाखवलं. 'आणी' असं दीर्घ लिहिलंय तुम्ही. मला आधी हसू आलं. यांना नाही आलं. म्हणाले, ताई दीर्घ 'आणी' लिहीत नाही, हिला दिसत नाहीये.

आता खरं ते सांगते. तुमच्या मुलाचा दोनदा फोन आला. आईला नीट दिसतं का, ऐकू येतं का, पडत-बिडत तर नाही ना, असं विचारत होता. यांनी त्याला पत्र लिहायला घेतलंय. दोन ओळी लिहून ठेवून दिलंय. मी म्हटलं, आधी वन्संना विचारा. त्यांच्या घराचा निकाल त्यांच्या पाठीमागे लावू नका. हे म्हणाले, विचारू कसं?

म्हणून मी विचारते. तुम्हाला दिसतं ना नीट?

तुमची,
वहिनी


रविवार, २६ सप्टेंबर

वहिनी, आणि तिच्या खांद्यावरून वाचणाऱ्या धाकट्या,

वहिनी, तू विचारलंस ते बरं झालं. दुसऱ्या कुणी विचारलं नसतं, आणि मी सांगितलं नसतं.

महिना झाला, उजव्या डोळ्यापुढे काच पुसायची राहिल्यासारखं वाटतं. मंगळवारी पाटीवर ८३ पाहिलं तेव्हा मलाही शंका आली होती. एक डोळा झाकून पाहिलं, मग दुसरा झाकून. दोन्हींनी तेच दिसलं, पण मनात पाल चुकचुकलीच. पेपरवाल्याला एका वाक्यात विचारता आलं असतं, "बाबा, खाली काय लिहिलंय?" नाही विचारलं. तो वेगळं काही म्हणाला असता तर माझी नोकरी गेली असती आणि मी अठराव्या मजल्यावर. म्हणून पत्रही पुन्हा न वाचता घडी घालून दिलं. मी स्वतःचं पत्र दोनदा वाचते, तुम्हाला माहीत आहे. या वेळी चूक सापडेल म्हणून वाचलं नाही. तो 'आणी' माझाच. त्याला सबब नाही.

तुझं पत्र मिळालं आणि काल चार मजले उतरले, येताना दर मजल्यावर बसत चढले. एकटीच डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. पाळी येईपर्यंत बाकावर बसले होते. समोरच्या भिंतीवर सूचना होती, त्यात 'रूग्णांनी' असं दीर्घ. आत गेल्यावर आधी ते सांगितलं. बाईंनी विचारलं, "इतक्या लांबून?" मी म्हटलं, हो. त्या म्हणाल्या, मग आलात कशाला?

तरी तपासलं. उजव्या डोळ्यात मोतीबिंदूची सुरुवात आहे. वर्षभर तरी काही करायला नको. डावा डोळा ठणठणीत. चष्म्याचा नंबर थोडा बदलला.

परत येताना पाटीच्या अगदी खाली जाऊन उभी राहिले. दहा पावलांवरून, दोन्ही डोळे उघडे ठेवून. ८३.६०.

मग आत गेले. मालक भला माणूस आहे, लगेच उठून उभा राहिला. पाटीवरचे आकडे इंग्रजी, दिव्यांच्या काड्यांचे. दुसऱ्या 8 च्या डावीकडच्या दोन काड्या सोमवारपासून विझल्यात. 8 च्या त्या दोन काड्या गेल्या की उरतो तो 3. बुधवारी तुझ्या नवऱ्याला तो माणूस जीव तोडून तेच सांगत होता, पाटीचे दिवे गेलेत. आणि हा शहाणा समजला, बहिणीने दिवे लावले.

म्हणजे मी बरोबर वाचलं होतं. पाटीच चूक होती. तीस वर्षांत इतकं गोड प्रूफ माझ्या हाती आलं नव्हतं.

त्यांनी गल्ल्यापाशी एक कागद चिकटवलाय, 'पाटीवरील दिवा बीघडला आहे.' त्यावर मी आधी 'बि' ऱ्हस्व केला, मग विचारलं, हा कागद रस्त्यावरून कुणाला दिसतो? मालक ओशाळला. म्हणाला, आम्ही पाटीच्या खाली वावरतो, वर कोण बघतं? मी म्हटलं, मी बघते. तर आता ठरलंय. दर सोमवारी नवा भाव लागला की मी खिडकीतून वाचायचा. बरोबर असला तर हिरवा टॉवेल, चुकला तर लाल. लाल टॉवेल मालकाने स्वतः दिला.

बुधवारच्या घोळाबद्दल त्याला भरपाई द्यायची होती. मी म्हटलं, पैसे नकोत, जागा द्या. हवा भरायच्या नळाशेजारी एक दहा आसनी गाडी रविवारी दोन-तीन तास उभी राहील एवढी. तो म्हणाला, गाडी कुणाची? मी म्हटलं, भावाची.

मुलाला रात्रीच फोन केला आणि मोतीबिंदूचं मीच सांगितलं. मग म्हणाला, ऑपरेशनच्या वेळी मी येईन आणि तुझ्याकडे राहीन. तू इकडे ये, असं म्हणाला नाही. मीही आठवण करून दिली नाही.

धाकट्या, त्याला लिहायला घेतलेल्या त्या दोन ओळी फाडून टाक. आणि डोळे माझे तपासून झाले. आता कान कुणाचे राहिलेत?

ताई


मंगळवार, २८ सप्टेंबर

ताई,

साष्टांग नमस्कार. दोन ओळी फाडल्या. त्यात तुझ्याबद्दल वाईट काही नव्हतं, 'तुझी आई फार दमते' एवढंच होतं. पण तेही खोटंच निघालं.

काल कान तपासून घेतले. डॉक्टर म्हणाले, कान उत्तम आहेत, मात्र आत इतका मळ आहे की तिथे भाजी लावता येईल. साफ करून दिले. बाहेर पडून ढमी सुरू केली आणि घाबरलो. मागच्या उजव्या चाकातून खरखर येत होती. बायको म्हणाली, ती गेली दोन वर्षं येते. ती दुरुस्त केली. आता हवा आहे, सांगाडा नाही, खरखर नाही, आणि ढमी लिटरला बाराला टेकलीय. सगळा हिशोब केला तर भाव बघून जे वाचलं त्याहून जास्त यातच वाचतंय. गिरणीचं काम तीन महिने निभेल. रखवालदाराच्या जागेबद्दल बायकोच भावाला नाही म्हणून आली.

पंपावरच्या माणसाची माफी मागायची आहे. त्याला म्हणेन, दिवे मीच लावले होते.

आता मला फोन नीट ऐकू येईल. तरी तुझी पत्रं बंद करू नकोस. फोनवर लाल शाई दिसत नाही.

येत्या रविवारी आम्ही दोघं निघू म्हणतोय. पाटीवर काय आहे ते कळव.

तुझा,
धाकटा


गुरुवार, ३० सप्टेंबर

धाकट्या,

पाटीचे दिवे बदलले. डिझेल ८८.२०. तुमच्याकडे ८८.६०. फरक चाळीस पैसे. ढमी आता बारा देते म्हणून नियमही नव्याने मांडला, तरी पावणेदोनच्या आत यायला परवानगी नाही.

मांडता मांडता लक्षात आलं की या हिशोबात पहिल्या दिवसापासून एक चूक आहे, आणि ती माझी आहे. चौदा किलोमीटरचं सगळं ओझं मी डिझेलवर टाकलं होतं. माणूस बहिणीकडे यायला निघाला आणि येताना टाकी भरली, तर पुलाचा खर्च डिझेलने कशाला सोसायचा? मग चाळीस पैसेसुद्धा फायदाच.

आता दुसरं. तुझं पत्र वाचलं. पुन्हा वाचलं. नवा चष्मा लावून वाचलं. एकही चूक सापडेना. 'की'सुद्धा दीर्घ. म्हटलं, डॉक्टरीणबाई काहीही म्हणोत, डोळे गेले.

मग पाकीट उलटं केलं. मागे पेन्सिलीने, पत्र तपासून देणारी वहिनी शेजारी नसताना लिहिलेलं दिसलं: 'गाडी नळापाशी लावून खालूनच हात करू कि वर येऊ?'

जीव भांड्यात पडला.

वर या. लिफ्ट सुरू झालीय. आणि 'की' दीर्घ.

ताई